शिसं, कथील, सुरमा आणि एक ळ

तुझ्या भांड्यात काय आहे, असं डेलने विचारलं आणि मला सांगता येईना.

तू गेल्यापासून फोन चालूच आहेत. पुण्याहून, नागपूरहून, एडिसनच्या जुन्या मंडळींकडून, तुझ्या ऑफिसातून. ते सांत्वन करतात, मी ‘हो’ म्हणते, ते रडायला लागतात, मग मीच त्यांना पाणी प्यायला सांगते. डेलचा फोन तेवढा वेगळा होता. तुझ्या शूटिंग क्लबातला तो पांढऱ्या मिशांचा मित्र. आधी नुसता घसा खाकरत राहिला. मग म्हणाला, "कॅमल, आय ॲम सो सॉरी. विक वॉज अ गुड मॅन." आणि पुढे, "व्हॉट्स इन द पॉट?" विवेक, इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा कुणीतरी खराखुरा प्रश्न विचारला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

गॅरेजमधलं तुझं सगळं सामान घेऊन जा, असं मीच त्याला सांगितलं होतं. तुझं रिव्हॉल्व्हर क्लबच्या मदतीने रीतसर गेलं, आता राहिले ते साचे, डाव, शिशाच्या लाद्या आणि शिसं वितळवायचं ते विजेचं भांडं. शनिवारी तो ट्रक घेऊन येणार. बाकी सगळं उचलायला त्याची हरकत नव्हती. पण भांड्याच्या तळाशी धातूचा थर गोठलेला आहे, आणि तो कसला ते कळल्याशिवाय त्यात दुसरं काही घालता येत नाही, हे तुम्हा दोघांचं शास्त्र. "विक ऑलवेज मार्क्ड एव्हरीथिंग," तो म्हणाला. खरंच होतं. डब्यातल्या डाळींना लेबल लावायचा कंटाळा करणारा माणूस तू, पण शिशाच्या प्रत्येक लादीवर छिन्नीने अक्षर ठोकायचास. ‘म’ म्हणजे मऊ, ‘क’ म्हणजे कडक. भांड्यावर मात्र काहीच नव्हतं.

म्हणून मी गॅरेजमध्ये गेले. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. सई दारात उभी राहून म्हणाली, "आई, डोन्ट टच एनीथिंग विदाउट ग्लव्ह्ज." फ्रीमाँटहून आल्यापासून ती मला लहान मूल असल्यासारखी सांभाळते आहे. हातमोजे घालणं मी तिला शिकवलं, तुलाही मीच शिकवलं, हे ती विसरली असावी.

तुझ्या या छंदाची मला पहिल्यापासून गंमत वाटत आली. अंडं खायचं म्हटलं तर तोंड वाकडं करणारा सदाशिव पेठेतला माणूस, न्यू जर्सीत येऊन घरी बंदुकीच्या गोळ्या ओततो. तुझ्या आईला फोनवर सांगितलंस, "हल्ली वेळ मिळाला की गोळ्या करतो," तर त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं की विवेकने अमेरिकेत औषधांचा जोडधंदा काढला. पुढे कितीतरी दिवस त्या गुडघेदुखीवर तुझ्याकडची एखादी गोळी मिळेल का, असं विचारत होत्या. तू हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिलास, पण खरं काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. आणि कुणी जरा तुसडेपणाने विचारलं की काय मारता हो तुम्ही या गोळ्यांनी, तर तुझं उत्तर ठरलेलं. "कागद." खरंच, कागदाखेरीज तू कशालाही गोळी मारली नाहीस. आणि कागद तरी दर वेळी लागायचा असं नाही.

मला वाटतं तुला नेमबाजीत फारसा रस नव्हताच. तुला रस होता मिश्रणात. जुन्या टायरांची वजनं, छपराच्या कडेचं शिसं, मासेमारीची वजनं, लोकांनी फेकून दिलेलं काहीही तू घरी आणायचास आणि त्यात काय काय आहे ते शोधत बसायचास. एकेक तुकडा काँक्रीटवर टाकायचा आणि कान देऊन ऐकायचं. शिसं ‘बद्द’ वाजतं. जस्त ‘टिंग’ करतं. ते ‘टिंग’ ऐकलं की तू डॉक्टरसारखा चेहरा करून तो तुकडा बाजूच्या बादलीत टाकायचास, कारण जस्ताचा एवढासा तुकडा सगळं भांडं नासवतो. मी सॉफ्टवेअर टेस्टर. चूक शोधणं हाच माझा धंदा. पण कानाने चूक शोधणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मला ते फार आवडायचं, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला मी एवढंच म्हणायचे की, आता धुळीचं काय करणार आहेस ते सांग.

शिशावरून आपण किती भांडलो रे. गॅरेजचे कपडे घरात नाही, हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही, पंखा चालू, दार उघडं, वर्षातून एकदा रक्ताची तपासणी. माझं जुनं स्टीलचं इडलीपात्र तू लाद्या ओतायला नेलंस तेव्हा मी त्यावर लाल रंगाने कवटी काढली, न जाणो पुन्हा कुणी त्यात पीठ घालेल. त्या शिशाच्या इडल्या बघून डेल त्यांना ‘फ्लाइंग सॉसर’ म्हणायचा. तुझ्या रक्तात शिसं कधीच वाढलं नाही, प्रत्येक रिपोर्ट मीच बघायचे. मी पहारा ठेवला शिशावर आणि तुला घेऊन गेलं हृदय, ज्याच्याकडे आपण दोघांनीही लक्ष दिलं नव्हतं. याचा मला अजून राग येतो. कुणाचा ते नीट ठरवता येत नाही, म्हणून मी तो तुझ्यावरच काढते.

आणि ते टिनचं रामायण. गॅरेजमध्ये उभी होते तर तेच आधी आठवलं. तुला नव्यानेच नाद लागला होता. भांडं तापलेलं, तू डावाने ढवळतोयस, एक डोळा थर्मामीटरवर, आणि मला म्हणालास, "तिथला टिनचा तुकडा टाक गं जरा." मी बघितलं. कोपऱ्यात बागेतल्या शेडच्या छपराचे कापलेले तुकडे पडले होते. त्यातला एक उचलून टाकला. थोड्या वेळाने तू ढवळायचा थांबलास. वर साय धरल्यासारखं झालं होतं आणि खालचा धातू रव्याच्या सांज्यासारखा गचगचीत. तुझा चेहरा आठवतो.

"काय टाकलंस तू?"

"टिन. तूच म्हणालास."

"अगं, टिन म्हणजे कथील!"

"आमच्याकडे टिन म्हणजे छपराचा पत्रा. टिनाचं शेड म्हणतात लोक. कथील हवं होतं तर कथील म्हणायचं."

त्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा होता. सगळं भांडं गेलं. तू डोकं धरून बसलास, मग हळूहळू तुझे खांदे हलायला लागले आणि मला कळलं की तू हसतोयस. त्या दिवसापासून गॅरेजमध्ये टिन या शब्दाला बंदी आली. आणि घरात जे काही जुळत नाही त्याला तू ‘नागपुरी टिन’ म्हणायला लागलास. माझ्या ऑफिसातला नवा मॅनेजर, सईचा तो पहिला बॉयफ्रेंड, दिवाळीच्या कार्यक्रमातलं फ्यूजन नृत्य. सगळं नागपुरी टिन.

पुढे मात्र कथलाचं महत्त्व तू मला नीट समजावलंस. शिसं नुसतं ओतलं तर ते आळशी असतं, साच्याच्या कोपऱ्यात जात नाही, कडा गोल राहतात. थोडं कथील घातलं की ते वाहतं, कोपरा न् कोपरा भरतं. कथलासाठी तू शनिवारी सकाळी लोकांचे गॅरेज सेल धुंडाळायचास आणि जुने कथलाचे मग उचलून आणायचास, त्यांच्यावर नखाने टिचकी मारत. फळीवर रांगेने मांडलेले ते मग म्हणजे तुझी तिजोरी. आणि तिसरा अँटिमनी, आपला सुरमा. तो कडकपणा देतो, आणि थंड होताना धातूला फारसं आक्रसू देत नाही, त्यामुळे कड धारदार उठते. मी विचारलं, मग सगळा सुरमाच का नाही घालत? कडक गोळी चांगलीच की. तू म्हणालास, "नाही गं. माझ्या सावकाश जाणाऱ्या गोळीला फार कडक होऊन चालत नाही. नळीत नीट बसायचं तर तिने थोडं दबायला हवं. नाहीतर फटीतून गरम वायू निसटतो आणि नळीत शिशाचे ओरखडे राहतात." म्हणून कुठल्या कामाला किती कडक, हा तुझा कायमचा प्रश्न. रविवार दुपार जायची त्यात. मी कॉफी घेऊन दारात उभी राहायचे, आत यायचे नाही. तू कॉफी बाहेर येऊन प्यायचास, हात धुऊन.

आता मुद्द्याचं बोलते. त्या दिवशी मला दोन गोष्टी जागेवर सापडल्या नाहीत. फळीवरचे कथलाचे मग नव्हते. एकही नाही. आणि ते बघून मला एकदम दुसरं काहीतरी आठवलं म्हणून धावत वर गेले, तर देवाच्या कपाटातली बाबांची डबीही जागेवर नव्हती.

त्या डबीबद्दल सईला नीट माहीत नाही, तुला आहे. तरी पुन्हा सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. नागपूरला महाल भागात बाबांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, शाळेचे प्रश्नपत्रिकांचे कागद. बाबा स्वतः खिळे जुळवायचे. छपाईच्या शिशाच्या अक्षराला खिळा का म्हणतात हे मला अजून कळलेलं नाही, पण लहानपणी माझी खेळणी तीच होती. प्रत्येक खिळा उलटा. बाबा तो कागदाआधी माझ्या तळहातावर दाबायचे आणि अक्षर सुलट उमटायचं. मला तेव्हा वाटायचं की माझ्या हातानेच ते सरळ केलं.

माझं नाव त्यांनी कमळ ठेवलं. कमल नाही. त्यावर ते अडून होते. आमच्याकडे ळ म्हणणं सोपं नाही, तुला तर ठाऊकच आहे. गावाकडची माणसं ‘कमय’ म्हणायची, शाळेत हिंदीवाले ‘कमल’ म्हणायचे, इथे ऑफिसात मी ‘कॅमल’, आणि ईमेलवरून लोकांना मी पुरुष वाटते. माझ्या नावातला ळ नीट म्हणणारी माणसं दोनच. एक बाबा, आणि एक तू. बघायला आला होतास तेव्हा चहाचा कप घेताना तू म्हणालास, "कमळ ना?" आणि आत बसलेल्या बाबांनी मान वर करून तुझ्याकडे बघितलं. माझ्या मते लग्न तिथेच ठरलं. पत्रिकेचं सगळं नंतरचं.

छापखाना बंद झाला तेव्हा बाबांनी मला मूठभर मोठे खिळे एका डबीत घालून दिले. त्यात माझं नाव होतं, क, म आणि ळ, आणि बाकी हाताला लागली ती अक्षरं. एडिसनहून पार्सिपनीला घर हलवताना ती डबी सांडली. सगळे खिळे सापडले, ळ सापडला नाही. त्या अपार्टमेंटच्या कार्पेटमध्ये तो आजही कुठेतरी असेल. तू रात्रभर हातांनी कार्पेट चाचपत होतास. सकाळी मला हसवायचं म्हणून म्हणालास, "आता डबीत ‘कम’ उरलं. नागपूरकरणीला हिंदी शोभतं." मी हसले, आणि मग रडले. बाबा त्याच वर्षी गेले होते.

आणि त्या डबीवरूनच आपलं ते भांडण, जे संपलं नाही. तुझ्या छंदातल्या लोकांना छापखान्यातले खिळे म्हणजे सोनं. शिसं, कथील, सुरमा, तिन्ही हव्या त्या प्रमाणात आयते. तू डबी उघडून म्हणालास, "एवढा सुरमा बाजारात शोधून मिळत नाही." मी डबी हिसकावून घेतली.

"हात लावलास तर याद राख."

"लावत नाही गं. पण एक सांग, अक्षर काय धातूत असतं? वितळवलं तरी धातू तोच राहतो."

"आणि अक्षर?"

"अक्षर म्हणजे जे झरत नाही ते. मग ते वितळेल कसं?"

हा तुझा पुणेरी वाद. मला उत्तर सुचलं नाही म्हणून मी म्हणाले, थांब, विचार करून सांगते. आणि कपाट बंद केलं. उत्तर मला अजून सुचलेलं नाही, आणि आता सुचलं तरी ऐकवायचं कुणाला?

म्हणून डबी जागेवर नाही म्हटल्यावर मला जे वाटलं ते तू समजू शकशील. कथलाचे मग आणि बाबांचे खिळे, दोन्ही घालून याने भांड्यात काय शिजवलं? आणि का?

एवढं कळायला भांड्यातला धातू किती कडक आहे ते बघणं पुरेसं होतं, आणि ते कसं बघायचं हे तूच शिकवलं होतंस. सईची लहानपणची चित्रकलेची पेन्सिलींची पेटी तू त्यासाठीच गॅरेजमध्ये नेली होतीस. आधी सगळ्यांत मऊ पेन्सिल घ्यायची, धातूवर तिरकी टेकवून ढकलायची. घसरली तर धातू तिच्याहून कडक. मग पुढची. जी पहिल्यांदा ओरखडा काढेल तिथे थांबायचं. तू एकदा म्हणाला होतास, "गंमत बघ, आपण हिला शिसपेन्सिल म्हणतो आणि हिच्यात शिसं औषधालाही नाही. पण शिशाची परीक्षा घ्यायला हीच लागते."

मी पेन्सिली घेऊन बसले. सई चष्मा लावून शेजारी उभी. सहा बी घसरली. चार बी घसरली. दोन बी घसरली. तुझं नेहमीचं मिश्रण इथेच कुठेतरी थांबतं. मी मनात म्हणत होते, थांब, इथे थांब. एचबीही घसरली. एचने कुरकुरत बारीकसा पापुद्रा निघाला.

"इज दॅट बॅड?" सईने विचारलं.

"कडक आहे," मी म्हटलं. "तुझ्या बाबाची गोळी इतकी कडक कधीच नसायची. हा छापखान्याचा धातू आहे."

मला तुझा राग आला, विवेक. आपल्या माणसाचा राग येणं किती सोयीचं असतं. रडण्यापेक्षा पुष्कळ सोपं. मी मनातल्या मनात तुला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण त्या रागाच्या मागे एक प्रश्न टोचत राहिला. तुझी गोळी तर सावकाश जाणारी, तिला दबावं लागतं. मग इतका कडक धातू तुला कशाला हवा होता? टेस्टरला असा प्रश्न पडला की झोप येत नाही. आधी हेतू सापडला पाहिजे, मग चूक सापडते.

तुझी एक सवय होती. नीट न उतरलेल्या गोळ्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या आणि पुढच्या वेळी परत भांड्यात. नापास झालेल्यांचा डबा. मी तो वर्तमानपत्रावर उलटा केला. कडा गोल राहिलेल्या गोळ्या, अर्ध्या भरलेल्या गोळ्या, सगळ्या ओळखीच्या. आणि त्यांच्यात गोळ्या नसलेलं काहीतरी. बोटाच्या पेराएवढे चौकोनी ठोकळे. एकाच्या टोकावर नुसता डाग. दुसऱ्यावर दोन गोल, एकमेकांना चिकटलेले. तिसऱ्यावर ते दोन गोल जरा सुटे झालेले. मी एकेक ठोकळा उजेडाकडे धरत गेले. मग सगळे वर्तमानपत्रावर ओळीने मांडले.

"आई, व्हॉट आर दीज?"

मी तिसरा ठोकळा तिच्या तळहातावर ठेवला. तो ळ होता.

मग सगळे खण उघडले. मोजमापाच्या हत्यारांच्या खणात, तुझ्या धुतलेल्या रुमालात गुंडाळून, बाबांची डबी होती. उघडली. क होता, म होता, बाकी सगळी अक्षरं होती. एकही कमी नाही. क आणि मच्या बाजूंवर तुझ्या मोजपट्टीच्या जबड्याच्या पुसट खुणा. उंची मोजली असणार तू, ळ त्यांच्या बरोबरीने उभा राहावा म्हणून. डबीखाली सोपस्टोनच्या, म्हणजे मऊ दगडाच्या, दोन चकत्या, एकीत बारीक कानशीने कोरलेलं अक्षराचं घर, काळवंडलेलं. आणि सगळ्यांत शेवटचा ठोकळा वेगळा, कापसात ठेवलेला. त्याची कड इतकी स्वच्छ होती की माझ्या अंगठ्याला ती टोचली.

तर हे करत होतास तू. मऊ शिशाने डाग आला, कथील वाढवलंस तर गोल आले, आणि अक्षराची कड काही उठेना. ती उठायला सुरमा हवा. घरात सुरमा एकाच ठिकाणी होता, माझ्या देवाच्या कपाटात. हाताशी होता, तुला वाटलं असतं तर... पण तू त्याला हात लावला नाहीस. डबी घेतलीस ती फक्त माप घ्यायला. मग हा कडक धातू आला कुठून? आणि ते कथलाचे मग कुठे गेले?

शनिवारी डेल आला. मी काही विचारायच्या आधी त्याने ट्रकमधून एक खोकं काढून माझ्या हातात दिलं. त्यात तुझे कथलाचे मग होते, सगळे.

"दीज आर हिज," तो म्हणाला. "ही वॉन्टेड माय लास्ट बार ऑफ लायनोटाइप. ओल्ड... यू नो, प्रिंटिंग मेटल. ही गेव्ह मी ऑल ऑफ दीज फॉर इट. आय टोल्ड हिम, विक, यू आर गेटिंग रॉब्ड."

"ही डिड नॉट से व्हाय?"

"आय आस्क्ड. दॅट स्टफ इज टू हार्ड फॉर युअर गन, आय सेड. व्हॉट आर यू गोइंग टू हिट विथ इट?" डेलने टोपी काढून हातात घेतली. "ही सेड, पेपर. सेम ॲज ऑलवेज."

मी त्याला भांड्यात काय आहे ते सांगितलं. शिसं, कथील, सुरमा, त्याच्याच लादीतले. त्याने मान डोलावली आणि भांडं तसंच उचलून ट्रकमध्ये ठेवलं. कथलाचे मग परत घ्यायला तो तयार होईना, म्हणून एक मी ठेवून घेतला आणि बाकीचे त्याला दिले. तू असतास तर दोन ठेवले असतेस.

तो गेल्यावर मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. शाई घरात नव्हती, म्हणून माझं काजळ घेतलं, बोटाने तीन खिळ्यांच्या तोंडाला पुसलं. क आणि म बाबांचे, ळ तुझा. उलट्या क्रमाने जोडून रबरबँड लावला, तळहाताने दाबला आणि उचलला.

कमळ.

आणि मी बघतच राहिले. क सुलट होता, म सुलट होता, आणि ळ उलटा होता.

आता मला सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. खिळा उलटा असतो, खिळा उलटा असतो, असं मीच तुला इतकी वर्षं सांगत आले. तू ते इतकं मनावर घेतलंस की दगडातसुद्धा ळ उलटाच कोरलास. मग खिळ्यावर तो सुलट आला, आणि कागदावर पुन्हा उलटा. दगड, खिळा, कागद, प्रत्येक पायरीवर एकदा उलटायचं असतं हे मोजताना तू एक पायरी विसरलास. टिन मी चुकले, ळ तू चुकलास. आणि नशीब बघ तुझं, दुसरं कुठलंही अक्षर असतं तर शेंबडं पोरही हसलं असतं. ळ उलटा केला तरी जवळजवळ ळच दिसतो. फक्त दोन गोलांतला जो डोळा मिटलेला हवा तो उघडा राहतो. हे ओळखायला माणूस छापखान्यात वाढलेलं लागतं. म्हणजे पकडणारी मी एकटीच होते, आणि मलाच तू तो देणार होतास.

कधी देणार होतास? काही निमित्त नव्हतं जवळपास, मी कॅलेंडर बघितलं. बहुतेक जेवताना ताटाशेजारी ठेवून दिला असतास आणि मी काय म्हणते ते बघत बसला असतास. मी म्हणाले असते, उलटा आहे रे. मग तू दुसऱ्या दिवशी नवा दगड घेतला असतास. हे भांडण मला हवं होतं. तुझ्याशी आता काय काय बोलायचं राहिलं, त्यात सगळ्यांत जास्त मला हेच हवं आहे.

आणि खरं सांगते, तुझ्या त्या वादाचं उत्तरही मला त्या कागदावर मिळालं असं वाटलं, पण मग वाटलं नाही मिळालं. असू दे. राहू दे ते तसंच.

सई शेजारी येऊन बसली. कागद तिने आपल्याकडे ओढला आणि वाचलं, "कमल."

"ल नाही. ळ."

"कम...ल. आई, आय कान्ट. आय हॅव नेव्हर बीन एबल टु." मग तिने कागद जवळ धरला. चित्रकलेचा डोळा आहे तिचा, तुला माहीत आहे. "वेट. इज धिस वन बॅकवर्ड्स?"

मला वाटलं होतं मी एकटीच ओळखेन.

"हो," मी म्हटलं. "बाबाने उलटा केला."

"व्हाय?"

काय सांगणार होते मी तिला? दगड, खिळा, कागद? मी म्हटलं, "कारण ळ म्हणताना जीभ उलटी करावी लागते. अशी. टोक मागे वळव, टाळूला लाव, आणि सोडून दे."

तिने तोंड वेडंवाकडं केलं. पहिल्यांदा ड आला. दुसऱ्यांदा र. ती हसली, मी हसले, दोघींच्या हातांना काजळ. मग तिने डोळे मिटले, तुझ्यासारखेच, काँक्रीटवर पडलेला तुकडा ऐकताना तू मिटायचास तसे, आणि हाक मारली, "कमळ."

मी ओ दिली.